ओटा नसलेलं घर

किल्ली मिळाली त्या दिवशी आक्कानं जर्मनीहून व्हिडिओ कॉल केला आणि फोन हातात धरून आम्हाला घरभर फिरवलं. तोवर ती आणि दाजी कंपनीनं दिलेल्या एका खोलीत राहत होते. आता भाड्याचं का होईना, स्वतःचं घर मिळालं होतं. आई म्हशीची धार काढून नुकतीच आत आली होती, ओल्या हातानंच तिनं फोन धरला. पांढऱ्या भिंती, मोठी खिडकी, लाकडासारखी दिसणारी जमीन. 'उजेड चांगला हाय,' आई म्हणाली, आणि जरा वेळानं पुन्हा तेच म्हणाली. मग आक्का एका दारात थांबली आणि म्हणाली, 'आन् हे स्वयंपाकघर.'

त्या खोलीत काही नव्हतं. म्हणजे भांडी नव्हती, डबे नव्हते एवढंच नव्हे. ओटाच नव्हता. बेसिन नव्हतं, नळ नव्हता, एखादी फळीसुद्धा नव्हती. भिंतीतून दोन पाईप बाहेर आले होते आणि त्यांची तोंडं बंद करून टाकली होती. वर छतातून वायरी लोंबत होत्या, त्यांना बल्ब नव्हता.

आप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते. माझे वडील गवंडी आहेत. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत त्यांनी दुसऱ्यांची कितीतरी स्वयंपाकघरं उभी केली आहेत. त्यांनी त्या पाईपांकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, 'काम अपुरं हाय.'

आक्का हसली. तिकडं घर असंच देतात, म्हणाली. आधीचा भाडेकरू जाताना आपला ओटा, कपाटं, बेसिन, दिवे, सगळं सोडवून घेऊन जातो. नवा येतो तो आपलं बसवतो. त्यांनीही ओट्याची ऑर्डर दिली होती, पण यायला दोन-तीन महिने लागणार होते.

'ओटा काढून नेत्यात?' आप्पांनी विचारलं. 'मग भिंत फुटत न्हाय व्हय?'

'आपल्यासारखा कडाप्प्याचा नसतोय आप्पा. लाकडी असतोय. स्क्रूवर बसवत्यात.'

आप्पा 'बरं' म्हणाले. पण फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, खरंच असं असतं का.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. आक्का बारावीला थांबली. त्यामुळे बाहेरच्या जगातलं काहीही आलं की घरातले सगळे माझ्याकडे बघतात, जणू मी तिकडे राहून आले आहे. प्रत्यक्षात मी सकाळी आमच्या गडमुडशिंगीतून सिटी बस धरते आणि संध्याकाळी तसल्याच बसनं परत येते. माझा प्रवास एवढाच. तेव्हा मी म्हणाले, 'असतंय वाटतं.' या 'वाटतं'ची मला सवय आहे. जे पक्कं माहीत नाही ते पक्कं म्हणून सांगायला माझी जीभ वळत नाही. आमच्या घरात मात्र जे पक्कं नाही ते खोटं असतं.

आक्काच्या लग्नातलं सामान इथं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्न ठरलं तेव्हाच दाजी वर्षभरात बाहेर जाणार हे नक्की झालं होतं. पलंग, तिजोरी असलं काही देऊ नका, मी ते डोक्यावर घेऊन विमानात बसू का, असं आक्का म्हणालीही होती. आप्पा हसले. पण रिकाम्या हातानं पोरगी धाडली असं चारचौघांनी म्हणावं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. मग राजारामपुरीतल्या दुकानातून पलंग आला, गादी आली, आरशाचं टेबल आलं, लोखंडी कपाट आलं. त्या कपाटाला आमच्याकडे तिजोरीच म्हणतात, आत काही असो नसो. शिवाय हंडा-कळशीपासून चमच्यांपर्यंत सगळी भांडी. मांडवाच्या कडेला ते सगळं मांडून ठेवलं होतं, बायका वाकून बघत होत्या. मग ते टेम्पोत चढलं आणि मुरगूडला, आक्काच्या सासरी गेलं. तिथं माडीवरच्या एका खोलीत लावलं. त्यातलं जर्मनीला काय गेलं, तर एक कुकर, तवा आणि पोळपाट-लाटणं.

नव्या घरातला पहिला महिनाभर आक्का जवळजवळ रोज फोन करायची. तिला दाखवायला आवडायचं. खोलीत जमिनीवर गादी, दोन बॅगा एकमेकींवर ठेवून केलेलं टेबल, त्यावर विजेची छोटी शेगडी. बल्ब एकच आणला होता. तो स्वयंपाकघरातल्या वायरीला लावला होता, पण शेगडी बाहेरच्या खोलीत होती, त्यामुळे दार उघडं ठेवून त्या उजेडात ती चपात्या करायची. हे सगळं ती मजेत सांगायची. मलाही त्याची मजा वाटायची. मला वाटायचं, दोघांनी मिळून एक एक वस्तू आणून घर भरायचं, हे चांगलं आहे, इथल्यापेक्षा चांगलं आहे.

एकदा बोलता बोलता आईनं विचारलं, 'मग भांडी कुठं घासतीस?'

आक्कानं फोन फिरवला. बाथरूममधल्या बेसिनखाली टबात ताटल्या, कुकर, पातेलं. आणि त्याच खोलीत, हातभर अंतरावर, संडास.

 त्या दिवशी आई जेवली नाही. आमच्याकडे मोरीत अंघोळ करतात आणि भांडीही घासतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण संडास अंगणाच्या पार टोकाला, आणि तिथून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय आई चुलीकडे फिरकू देत नाही. त्या एका चित्रानं तिच्या मनात काय झालं असेल ते मला कळत होतं. मी सांगितलं की तिकडचे संडास कोरडे असतात, स्वच्छ असतात. ती म्हणाली, 'तू गेलतीस काय बघाय?'

मग खुर्ची आली. आक्काला फुटपाथवर एक चांगली लाकडी खुर्ची मिळाली होती, तिच्यावर 'घेऊन जा' अशी चिठ्ठी होती. तिकडं लोक नको असलेलं सामान असं बाहेर ठेवतात, म्हणाली. ती खुर्चीवर बसून पाय हलवत होती, लग्नाआधी अंगणातल्या कट्ट्यावर बसून हलवायची तसे.

'कुणाची हाय ती?' आईनं विचारलं.

'काय ठाऊक. कुणाचीतरी.'

'माणूस हाय का गेलंय, इचारलंस?'

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण, कधी बाजसुद्धा, गावाबाहेर नेऊन टाकतात. असलं टाकलेलं कुणी उचलत नाही. भीक मागणारासुद्धा दहा वेळा विचार करतो. आक्काला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या ते डोक्यातच आलं नव्हतं, कारण तिथं रस्त्यावर सगळेच उचलत होते. आईनं तिला खुर्ची परत ठेवून ये म्हणून सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. पुढच्या फोनवेळी ती त्याच खुर्चीवर बसली होती, फक्त वर चादर टाकली होती.

त्यानंतर आईच्या मनानं घेतलं. तिचा हिशेब सरळ होता. दाजींना चांगली नोकरी आहे म्हणतात, मग घरात ओटा का नाही? दिवे का नाहीत? पोरीला टाकलेल्या खुर्चीवर का बसावं लागतं? म्हणजे नोकरी तरी खोटी, नाहीतर माणूस तरी. आणि पोरगी हसते कारण सांगायची सोय नाही. शेजारच्या काकूंनी यात आपली भर घातली. त्यांच्या माहेरच्या गावातली एक मुलगी दुबईला दिली होती, तीही फोनवर हसायची.

मी फोनवर शोधून तिकडच्या रिकाम्या स्वयंपाकघरांचे फोटो आईला दाखवले. फोनवर काय बी असतंय, ती म्हणाली. मग मी धीर करून कॉलेजातल्या एका सरांना विचारलं. वर्ग संपल्यावर जिन्यात गाठून विचारलं, आणि विचारताना मला इतकं अवघडल्यासारखं झालं की प्रश्न नीट मांडता आला नाही. त्यांना आधी वाटलं मी जर्मनीला निघाले आहे. मग ते म्हणाले, हो, असं ऐकलंय खरं. घरी येऊन मी जसंच्या तसं सांगितलं, सरांनी ऐकलंय.

'म्हंजे त्यांनीबी ऐकलंयच,' आई म्हणाली.

आप्पा दोन्हीकडे होते. रोजच्या कामात त्यांनी अर्ध्यावर सोडलेली घरं बघितली आहेत. मालकाचा पैसा संपतो, काम थांबतं, आणि तसल्याच घरात माणसं राहायला येतात. त्यांना ते पाईप तसले वाटत होते. पण व्याह्यांकडे जाऊन विचारायचं म्हणजे काय, हेही त्यांना कळत होतं. आक्काचे सासरे नाहीत, घर सासूबाईच चालवतात. विहीणबाईंसमोर कसं बोलायचं याचा ते आठ दिवस विचार करत राहिले. शेवटी एका रविवारी आईनं लुगडं बदललं आणि म्हणाली, मी निघाले, यायचं तर या. म्हणून आम्ही तिघं मुरगूडला गेलो. आईनं डब्यात चकल्या घेतल्या होत्या. मनात काहीही असलं तरी पोरीच्या सासरी रिकाम्या हातानं जायचं नसतं.

एसटीत आप्पांनी काय बोलायचं ते मला ऐकवून दाखवलं. थेट विचारायचं नाही. आधी हवापाण्याचं, उसाचं, मग आक्काच्या धाकट्या दिराच्या लग्नाचं, आणि मग सहज, पोरांचं तिकडं बेस चाललंय न्हवं, एवढंच. मी म्हणाले, छान आहे. मला खरंच ते छान वाटलं होतं.

विहीणबाई दारातच भेटल्या. 'या की ईनबाई, वाट चुकलासा काय?' असं म्हणून त्यांनी आईला हाताला धरून आत नेलं. शेजारची एक बाई ताकाला आली होती, तीही बसली. चहा झाला. आप्पांनी उसापासून सुरुवात केली. धाकट्याचं लग्न ठरल्याचं विहीणबाईंनी आपणहून सांगितलं. सगळं आप्पांच्या मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात आई उठली. 'पोरीची खोली जरा बघून येतो,' असं म्हणत ती जिन्याकडे गेली. विहीणबाई क्षणभर थांबल्या, मग पाठोपाठ निघाल्या. मी गेले, आणि ताकाला आलेली बाईसुद्धा आली.

खोलीत दीर राहत होता. पलंगावर त्याचं पांघरूण विस्कटलेलं, आरशाच्या टेबलावर दाढीचं सामान आणि कंगवा, खिडकीत बूट. तिजोरीचं दार उघडं होतं, आत शर्ट टांगलेले. आक्का जाताना ठेवून गेलेल्या साड्या एका चादरीत बांधून तिजोरीवर ठेवल्या होत्या. शांतपणे बघितलं तर त्यात वावगं काही नव्हतं. घरात खोल्या मोजक्या, ही एक रिकामी पडलेली, आणि घरातलाच मुलगा त्यात झोपतो. पण आई ते शांतपणे बघत नव्हती. तिच्या डोळ्यासमोर दुसरी खोली होती, पाईपांची, जमिनीवरच्या गादीची.

'माझ्या पोरीला तिकडं संडासात भांडी घासाय लावलंसा,' ती म्हणाली, 'आन् हितं तिच्या पलंगावर पाय पसरून झोपताईसा.'

आवाज मोठा नव्हता. आईचा आवाज एरवी चार घरं ओलांडून जातो. त्या दिवशी तो मोठा असता तर भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं.  विहीणबाईंनी त्या ताकवाल्या बाईकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिथंच सगळं ठरलं.

'माझ्या पोरानं लावली म्हणताईसा भांडी घासाय? संडासात?'

'डोळ्यानं बघितलोय.'

'बरं,' विहीणबाई म्हणाल्या. 'तुमचं सामान तुमाला धाडतो. चमचासुदिक ठेवत न्हाय.'

आप्पा खालून जिन्यात आले होते. 'ईनबाई, तसं न्हवं,' असं काहीतरी ते म्हणाले, पण त्यांच्याजवळून त्या खाली उतरून गेल्या. आम्ही निघालो तेव्हा चकल्यांचा डबा उंबऱ्यावर ठेवलेला होता, न उघडलेला.

 घराजवळ आल्यावर आई म्हणाली, 'रागात बोलली. न्हाय धाडायची.'

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सकाळी बससाठी निघाले होते आणि गावाच्या वळणावर समोरून टेम्पो आला. पलंग उलटा ठेवलेला होता, पाय वर. मी तो पलंग दुकानात पसंत केला होता, मला तो लांबूनच ओळखू आला. मी बस सोडली आणि टेम्पोच्या मागून चालत घरी आले.

आमच्याकडे मुलीच्या सासरहून सामान परत येतं ते दोनच वेळा. मुलगी नांदायची थांबली तर, नाहीतर मुलगीच राहिली नाही तर. तिसरं कारण कुणाला माहीत नाही. त्यामुळे टेम्पो दारात थांबला तशी गल्ली बाहेर आली.  शेजारच्या काकू तेवढ्या जवळ आल्या आणि टेम्पोत वाकून बघत म्हणाल्या, 'पोरगी कुठं हाय? मागनं येतीया व्हय?'

'ती तिकडंच हाय,' आई म्हणाली. 'तिला काय झालंय?'

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पण आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या मानेपेक्षा खरं वाटलं असणार.

विहीणबाईंनी शब्द पाळला होता. चमचासुद्धा ठेवला नव्हता. भांड्यांची पोती, तिजोरी, चादरीत बांधलेल्या साड्या. आरशाच्या टेबलाच्या खणात आक्काचा कुंकवाचा करंडा होता. खण रिकामा न करताच टेबल चढवलं होतं, करंडा त्यातून आला, इतकंच. मी आईला तसं म्हणाले. पण करंडा बघून ती खाली बसली. ड्रायव्हरला घाई होती. पलंग दारातून आत जाईना, तेव्हा तो म्हणाला, पावणं कुठं हायती, सोडवाय लागंल. आप्पा कामावर होते. मग त्यानंच पाना काढून पलंग सोडवला आणि सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, जोडून ठेवला. आमच्या सोप्यात आता जेवायला बसायला जागा राहिली नाही.

दुपारी आप्पा आले, हाताला सिमेंट तसंच. पलंगाभोवती एकदा फिरले. मग म्हणाले, हिच्या लग्नात उपयोगी पडेल की. माझ्याबद्दल बोलत होते. ते आईला धीर द्यायला म्हणाले असावेत. आई म्हणाली, परत आलेलं सामान कोण घेईल, आणि हिला तरी आता कोण. मी आत जाऊन पुस्तक उघडून बसले. मला पुढे एम.ए. करायचं आहे, हे मी तोवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर सांगायची हिंमत आणखी कमी झाली.

आई त्या पलंगावर कुणाला बसू देईना. बसलं म्हणजे तो आपला झाला, आणि आपला झाला म्हणजे तो परत आला, असं काहीतरी तिच्या मनात होतं. आम्ही तिघं पूर्वीसारखे खाली अंथरूण टाकून झोपायचो, पलंगाच्या कडेकडेनं उरलेल्या जागेत. आक्काला सांगायचं नाही असं ठरलं. तिचा फोन आला की आम्ही गोठ्यात जाऊन बोलायचो. आक्काही फार विचारत नव्हती. तिचे फोन कमी झाले होते आणि ती आता घर दाखवत नव्हती. नुसता तिचा चेहरा, मागे पांढरी भिंत.

मग एक दिवस तिनं मला मेसेज केला, एकटी असलीस की फोन कर. मी कॉलेजच्या मागच्या बाजूला सायकली ठेवतात तिथं जाऊन केला.

'पलंग कुठं ठेवलाय?' तिनं पहिलंच विचारलं.

तिला सगळं ठाऊक होतं. विहीणबाईंनी त्याच दिवशी दाजींना फोन केला होता, आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं होतं. दाजींनी आक्काला एकच विचारलं, तू असं सांगितलंस काय घरी? ती नाही म्हणाली. तेव्हापासून ते कामापुरतंच बोलतात.

'मी तक्रार केलती काय कुणाकडं?' आक्का म्हणाली. 'मी नुसतं घर दाखवलं.'

 ती सांगत राहिली. ओटा आला होता. खोक्यांत आला होता, सगळ्या फळ्या, दारं, बिजागऱ्या सुट्या. तिकडं जोडून द्यायला माणूस सहज मिळत नाही, आपलं आपण जोडायचं. खालची कपाटं एकट्यानं होतात. पण वरची भिंतीला लावायची तर एकानं धरायला लागतं आणि एकानं स्क्रू मारायला लागतो. तेवढा वेळ दोघांनी एकमेकांच्या इतक्या जवळ उभं राहायचं, आणि धर, सोड, वर घे, असं बोलायचं. ते होत नव्हतं. खोकी तशीच पडून होती. दाजी कामावरून येऊन उभ्या उभ्या जेवायचे आणि फोन घेऊन खिडकीकडे बसायचे.

'हितं मला शेजारीण कोण, मावशी कोण,' ती म्हणाली. 'भांडायबी हेच आन् बोलायबी हेच.'

मी तिला विचारलं, परत यावंसं वाटतं का.  ती म्हणाली, 'आता कुठं येऊ? मुरगूडला माझी खोली न्हाय. आन् आपल्याकडं आले तर लोकं म्हणतील, बघा, सामान आधी आलं, मागनं पोरगी आली.'

घरी येऊन मी आईला हे सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. 'वाटतं' एकदाही म्हणाले नाही. आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. ती भाकरी परातीतच फाटली. आप्पांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर न जाता एकटेच मुरगूडला गेले. संध्याकाळी परत आले. विहीणबाई बाहेर आल्या नव्हत्या. दिरानं बसायला दिलं होतं, चहा दिला होता.

'मग?' आईनं विचारलं.

'मग काय. पिलो च्या, आलो.'

'चुकलं म्हणालासा काय?'

'पोराला म्हणालो. आत ऐकू गेलं असंल.'

त्यानंतर कितीतरी दिवस काही घडलं नाही. मग एका संध्याकाळी आप्पांच्या फोनवर दाजींचा व्हिडिओ कॉल आला. दाजी आप्पांना कधी थेट फोन करत नसत. आप्पांना तो घ्यायची भीती वाटली, त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. गोठ्यात जायला वेळच नव्हता, मागे पलंग दिसत होता.

दाजींनी नमस्कार केला. मग म्हणाले, 'मामा, भिंत पोकळ लागतीया. स्क्रू धरंना झालाय.'

 आप्पांनी फोन भिंतीजवळ न्यायला सांगितला. बोटानं ठोका, म्हणाले, पुढं सरका, परत ठोका. दाजी ठोकत होते. पलीकडून टकटक ऐकू येत होती आणि आप्पा कान देऊन ऐकत होते. मला वाटलं त्यांना ती भिंत कळत असेल. पण तिकडची भिंत त्यांच्या ओळखीची नव्हती, त्यांनी सांगितलेल्या जागी भोक पाडलं तर नुसती पांढरी पूड आली. शेवटी दाजींनीच पोकळ भिंतीत स्क्रू धरून ठेवणारं कुठलंसं प्लास्टिकचं वेगळं गिट्टक आणून बघतो असं ठरवलं. आप्पा म्हणाले, तेच करा, मला हे नवीन हाय. तोवर आक्का बाजूला कपाट धरून उभी होती, ते फक्त तिच्या हातांवरून कळत होतं. दाजी तिला 'सोड' म्हणाले. तिनं सोडलं. मग 'तितं नको, हिकडं धर' म्हणाले. एवढेच शब्द. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती, तिनं ते शब्द ऐकले.

फोन ठेवण्याआधी दाजी थांबले. त्यांची नजर आप्पांच्या मागे गेली होती.

'मामा, त्यो पलंग राहू दे तितंच,' ते म्हणाले. 'आमी आलो की झोपाय लागंल.'

आप्पा 'व्हय व्हय' म्हणाले आणि फोन बंद झाला. नंतर आई मला विचारत राहिली, ते मनापासून म्हणाले, का विषय मिटवायला म्हणाले. 'आमी' म्हणाले म्हणजे दोघं, न्हवं? चेहरा कसा होता? मी फोन धरला होता, म्हणजे मला दिसलं असणार असं तिला वाटत होतं. मला दिसला तो चेहरा दमलेला होता. त्यापलीकडचं मला सांगता येईना. तिला बरं वाटावं म्हणून मी 'दोघंच की' म्हणाले असते, पण आक्काला एकदा विचारल्याशिवाय तसं म्हणू नये असं वाटलं. आक्काला विचारलं तेव्हा ती म्हणाली, वरची कपाटं लागली, नळाला पाणी आलं. एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या. पलंग बघून त्यांनी नेहमीसारखं विचारलं, पोरगी कवा येणार. इतके दिवस आई या प्रश्नाला काहीबाही सांगून आत जायची. त्या दिवशी ती उंबऱ्यातच उभी राहिली.

'येतील की दोघं,' ती म्हणाली.

'कवा?'

'सुट्टी मिळाली की.'

काकू गेल्या. आई आत येऊन पलंगाच्या कडेला उभी राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'इचार त्यांना, कवा मिळती सुट्टी.'

मी अजून विचारलेलं नाही.